वास्कोला दिसलेला माणूस

पणजीला जायच्या दिवशी पद्मावतीने सुनेच्या अंबाड्यात आबोलीची फाती माळली आणि तिथेच कामाचा निम्मा विचका झाला.

बिचारीचं चुकलं असंही म्हणता येत नाही. नार्वे गावात सवाष्ण बाई शुभ कामाला उंबरठ्याबाहेर पडते ती केसांत फुलं घालूनच. आणि नवऱ्याच्या हक्कासाठी सरकारदरबारी जायचं, याहून शुभ काम कोणतं? फक्त ते काम नेमकं काय होतं, हे तिला कळलं नव्हतं, किंवा कळूनही तिने मनाला शिवू दिलं नव्हतं. तिची सून विनोदिनी त्या दिवशी कमिशनर साहेबांपुढे उभी राहून आपला नवरा मेला असं सांगायला चालली होती.

नवरा म्हणजे बाबली. खनिजाच्या बार्जवर खलाशी. डिचोलीच्या खाणींचा तांबडा माल बार्जीत भरायचा, नदीने मुरगाव बंदरात न्यायचा, तिथे समुद्रात उभ्या असलेल्या मोठ्या बोटीत रिकामा करायचा आणि परत फिरायचं, हे त्याचं आयुष्य. मागल्याच्या मागल्या श्रावणात बार्ज बोटीला लागत असताना तो दोर फेकायला बार्जीच्या कडेला गेला, लाटेने बार्ज आपटली आणि बाबली खाली गेला. होड्या फिरल्या, पाणबुडे उतरले. समुद्राने त्याची चप्पलसुद्धा परत दिली नाही.

देह नाही म्हणून क्रिया नाही, आणि क्रिया नाही तर सुतक कसलं? भटजींनी सुचवून पाहिलं, की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देता येतो, शास्त्राला ते मान्य आहे. पद्मावती त्यांच्यावर अशी काही उसळली की भटजी दक्षिणा न घेताच उठले. "तणाचो बावलो जाळून माझो झील मेलो म्हणू? तुमच्या घरातलो जाळा!" मग तिने देवीपुढे प्रसाद लावला. देवीच्या अंगावर चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पाकळी आधी पडली. उजवी म्हणजे होय. येणार म्हणजे येणार. त्या दिवसापासून विनोदिनीच्या कपाळावरच्या कुंकवाला कोणी हात लावायची छाती केली नाही.

आणि विनोदिनीला तरी दुसरं काय हवं होतं? आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी तिची गत. नार्व्याचं घर नदीच्या अंगाला. बार्जी दिवसभर समोरून जातात, भरलेल्या जाताना पाण्याला टेकलेल्या, रिकाम्या येताना उंच. बाबलीची बार्ज समोर आली की मास्टर त्याला भोंगा वाजवू द्यायचा, आणि हातातलं टाकून विनोदिनी माडांपर्यंत धावायची. लाज सोडली होती तिने त्या बाबतीत. शेजारणी हसायच्या, "गे, घोव बार्जीर आसा, विमानात न्हय!" आता ती धावत नसे. पण रिकामी बार्ज वर येताना दिसली की हातातला तवा जळेपर्यंत तशीच उभी राहत असे. रात्री पाठीमागची जागा गार लागते, हे ती कोणाला सांगणार? त्याच्या अंगाला खनिजाचा वास यायचा, लोखंडासारखा, कितीही साबण लावला तरी न जाणारा. तो वास यावा म्हणून तिने त्याचा कामावरचा सदरा धुतला नव्हता, आणि हल्ली तो सदराही नुसता जुन्या कपड्यासारखाच वास देऊ लागला होता.

अशा घरात युनियनचा कृष्णनाथ कायदा घेऊन आला. बाबलीबरोबर त्याने उमेदीत काम केलेलं, पुढे गुडघा गेला म्हणून बार्ज सोडून युनियन धरलेली. माणूस चांगला, फक्त आवाज सदा सभेतला. सोप्यावर बसून त्याने चहा घेतला आणि सुरुवात केली.

"वयनी, ही भीक न्हय. कामावर असताना, कामामुळे माणसाला काय झालं तर मालकानं भरपाई द्यायची, असा कायदाच आसा. मालकाची चूक दाखवायची गरज ना. हात गेला, पाय गेला तर डॉक्टर सांगतो कमाईची ताकद किती गेली, त्या हिशेबान. माणूसच गेला तर त्याचं वय आणि पगार बघतात. आणि मालकान पैसे तुमच्या हातात कोंबून गप्प करायचं, तेही चलना. कामगार भरपाईच्या कमिशनरकडे भरायचे. तो बायकोक, पोरीक, म्हाताऱ्या आवयक वाटून देतलो."

"बार्जचो मालक म्हणता, हे पिऊन आसले," विनोदिनी म्हणाली.

"म्हणू दे. पिऊन आसल्यार भरपाई ना, हो नियम जखमी माणसाला लागता. मेलेल्याला लागना."

मेलेल्याला, असं म्हटल्यावर तो स्वतःच थांबला. आतून पद्मावतीच्या खोकल्याचा आवाज आला. विनोदिनीची पोर क्षमा पायरीवर बसून चिंचोके खेळत होती, तिनेही वर पाहिलं.

"म्हणजे माका सांगूक जाय..." विनोदिनीने वाक्य पुरं केलं नाही.

"सांगूक जाय, वयनी. माणूस बेपत्ता असला तर कायदा सात वर्सां थांबतो. पण कमिशनरला पुराव्यानं पटलं तर थांबूक नाका. आणि अर्ज दोन वर्सांच्या आत घालूक जाय. उद्या कोण म्हणेल उशीर जालो."

त्याने ठेवलेला अर्ज पुष्कळ दिवस फळीवर पडून राहिला. मग क्षमाची शाळा आणि सासूचा दमा या दोघांनी मिळून तिच्याकडून अर्जावर सही करून घेतली. सही करताना तिने अर्ज वाचला नाही. सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलेली बाई, वाचता येत होतं म्हणूनच वाचला नाही.

तर असा तो पणजीचा दिवस. डिचोलीहून बसमध्ये बसताना कृष्णनाथने तिच्या अंबाड्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण बाईमाणसाला केसांतली फुलं काढ असं सांगायचं कसं? तेही असल्या कामाला? एवढी सभा गाजवणारा माणूस, पणजी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

कमिशनर साहेब पिकल्या केसांचे, शांत, गोव्याचेच. कारकुनाने कोकणी की मराठी असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, येईल तसं सांगेन. बार्जमालकाचा वकील मात्र पाहण्यासारखा होता. गोरा, गुळगुळीत आणि बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. दारूचा मुद्दा मेलेल्या माणसाला चालत नाही, हे कृष्णनाथला ठाऊक होतं तसं त्यालाही होतं. म्हणून त्याला बाबली जिवंत हवा होता.

"बाई, कपाळावर काय लावलंय?" त्याने आर्जवाने विचारलं.

"कुंकू."

"गळ्यात?"

"मंगळसूत्र."

"आणि केसांत एवढी सुंदर आबोली. आपल्यात विधवा बाई हे सगळं घालते का हो?"

"ना," विनोदिनी म्हणाली. काय उत्तर दिलं ते तिला उत्तर दिल्यावर कळलं. कृष्णनाथने कपाळावर हात मारला नाही एवढंच.

"घरी काही क्रियाकर्म झालं?"

"ना."

"देवीचा प्रसाद लावला होता म्हणे. काय आला?"

"उजवो."

वकील कमिशनरांकडे वळला. "सर, अर्जदार बाईंच्या घरात नवरा जिवंत आहे. देवही तेच म्हणतो. देव तारी त्याला कोण मारी! मग माझ्या पक्षकाराने मृत्यूची भरपाई कशाची द्यायची? आणि नुसता देवच नव्हे. आमच्या दुसऱ्या बार्जवरच्या एका माणसाने गेल्या दिवाळीत बाबलीला वास्कोच्या मार्केटात पाहिलंय. स्वतःच्या डोळ्यांनी. आज तो आजारी आहे, पुढच्या तारखेला हजर करतो."

विनोदिनीने मान वर केली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला तो वकील फार आवडला. हसायचं असेल त्याने हसावं. गेल्या दीड वर्षात शेजारपाजार, भटजी, पोलीस, कृष्णनाथ, जो तो तिला हळू आवाजात एकच गोष्ट समजावत होता. आणि हा परका माणूस, मालकाचं मीठ खाणारा, भर कचेरीत ठणकावून सांगत होता की बाबली आहे. मार्केटात होता. म्हणजे चालत होता, काहीतरी विकत घेत होता, कोणाशी भाव करत होता. भाव करायला बाबलीला कधीच जमायचं नाही. तिला वाटलं, हा असाच बोलत राहावा, संध्याकाळची बस चुकली तरी चालेल.

"बाई," कमिशनर साहेब म्हणाले, "साक्षीदार येईल तेव्हा येईल. त्याचं बघू. तुम्हाला काय वाटतं? तुमचा नवरा वास्कोला आहे?"

पंखा फिरत होता. कारकून टाइपरायटरवर बोटं ठेवून थांबला होता. होय म्हटलं की झालं, तिच्या मनात आलं. होय म्हटलं की सरकारी कागदावर बाबली जिवंत. मालक खूश, वकील खूश, घरी सासू खूश, आणि आपण रोज माडांखाली उभं राहायला मोकळ्या. मागे क्षमाची शाळा बुडेल, सासूचं औषध तुटेल. आणि तरीही होय म्हणायला जीभ नुसती आसुसली होती.

"सांगा, बाई. घाबरू नका."

"सायब," ती म्हणाली, "चवथीक आमच्या घरातली माटोळी हेच बांधतात."

गणपतीवर टांगायची ती फळांची, रानवेलींची माटोळी. साहेबांना सांगावं लागलं नाही.

"दुसऱ्या कोणाचो हात लागलेलो तांका चलना. आमचे लग्न जाले त्या वर्सा बार्ज मुरगावाक अडकून पडली. मास्टरान रजा दिली ना. तरी हे बशीन, फेरीन, उरलेली वाट चालत घराक पावले. माटोळी बांधली आणि त्याच पावलीं परत गेले. जेवले सुद्दां नात. मी रागान बोलले नाय, म्हणून फाटकाकडसून परत येऊन हसवून गेले."

ती थांबली. वकील काहीतरी बोलायला उठला, पण साहेबांनी हात वर केला.

"त्येंच्या मागे दोन चवथी जाल्या. पयली गेली तेन्ना म्हटलें, खंय तरी अडकले आसतले. दुसऱ्या चवथीक शेजाऱ्यान माटोळी बांधली. वास्को किती पयस, सायब? वास्कोसून माणूस सकाळी निघालो तर दनपारच्या जेवणाक नार्व्याक पावता. हात मोडलो आसतो तरी आयले आसते. पोटार सरपटत आयले आसते. माका माजो घोव खबर आसा." तिचा आवाज फुटला, तसा तिने तो परत गोळा केला. "आयले नात. म्हणजे ते नात."

चवथीला घरी न येणारा गोव्यातला माणूस म्हणजे काय, हे साहेबांना कायद्याच्या पुस्तकातून शिकायचं नव्हतं. त्यांनी वकिलाला विचारलं, अजून काही प्रश्न? वकील म्हणाला, नाही. मग साहेब तिच्याकडे वळून म्हणाले, "कायदा कुंकू बघत नाही, बाई. तुम्ही ते ठेवा की काढा, तुमच्या घरचा प्रश्न. मला पुरावा मिळाला." कारकुनाच्या यंत्राचा खडखडाट सुरू झाला. ज्या वाक्याला दीड वर्ष कोणी घरात शिरू दिलं नव्हतं, ते चार ओळींत टाइप होऊन निघालं. खाली तिने सही केली, या वेळी वाचून.

बाहेर व्हरांड्यात कृष्णनाथला आनंद आवरत नव्हता. "जिंकली, वयनी! हुकूम पुढच्या तारखेक, पण जिंकली. असो जबाब मी जन्मात आयकलो ना!" आणि मग तिच्याकडे बघून तो पाणी आणतो म्हणून खाली गेला.

वकील खोलीतून बाहेर पडला. हरल्याचं त्याला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही, त्याची रोजचीच कामं ती. काखेत कागद धरून तो जिन्याकडे निघाला होता. विनोदिनी भिंतीपासून सुटली आणि त्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली. आता ही शिव्या देणार असं वाटून त्याने आजूबाजूला पाहिलं.

"वकीलसाब," ती अगदी हळू म्हणाली, "भितर सांगलें तें मी सांगलें. तें खरें. पुण तुमच्या माणसान वास्कोक पळयले, ते..."

"काय बाई?"

"ते बरे दिसताले मू?" विनोदिनीने विचारलं. "जेवल्यासारके?"