नखावरची धार

तपासणीच्या बाईंनी पाहिलं:

दारातला उतार. सुया टाकायचा डबा आणि त्याचं झाकण. बेसिनचा नळ सोडून त्यांनी पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला. हत्यारं निर्जंतुक करायच्या मशीनपुढे तर त्या इतका वेळ उभ्या राहिल्या, की मशीन आता घाबरून काहीतरी कबूल करतंय असं सुनेला वाटलं. सून म्हणजे या दवाखान्याची दातांची डॉक्टर.

"मागच्या वेळी इथेच घोळ होता ना?"

"हो मॅडम. मशीन बदललं. आता प्रत्येक हत्यार पाकिटात बंद. पेशंटसमोरच पाकीट फोडतो."

"बघू. या वेळी काही निघालं तर टाळं लावायला सांगावं लागेल. माझा नाइलाज असतो."

चहात साखर कमी हवी असं सांगावं, तसा नाइलाज.

बाईंनी पाहिलं नाही:

सासरे. दवाखाना त्यांनी उघडला, सुनेला हाताला धरून शिकवलं, आणि अजूनही सकाळचे पेशंट तेच बघत. आज त्यांना बहिणीकडे पाठवलं होतं. का, ते दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघांनीही दुसरंच कारण बोलून दाखवलं होतं.

खरं कारण अंगठ्याएवढं होतं. दातांवरचा थर खरवडायच्या हत्याराला धार आहे का, हे सासरे डाव्या अंगठ्याच्या नखावर घासून बघत. चरा उमटला की धार आहे. त्यांच्या शिक्षकांनी तसंच शिकवलेलं. पाकीट फोडायचं, नखावर घासायचं, मग थेट तोंडात.

आदल्या संध्याकाळचं बोलणं, जसंच्या तसं:

— बाबा, मग त्या पाकिटाला अर्थ काय उरला?

— अगं, बोथट हत्यारानं हिरडी फाटते. ते चालतं का तुझ्या मशीनला?

— धार मी आधीच बघून ठेवते ना. प्लास्टिकच्या कांडीवर.

— कांडीला दुखतं का? मला दुखतं. म्हणून मला कळतं.

— उद्या आत्याबाईंकडे जाऊन या तुम्ही. त्या आठवण काढत होत्या.

— ती? माझी? कवळी सैल झाली असेल.

बाईंनी हे नसतं पाहिलं तर बरं झालं असतं:

सासरे परत आले. बहीण घरी नाही, म्हणाले. सवयीनं हात धुतले, थेट कोपरापर्यंत. बाईंच्या भुवया कौतुकानं वर गेल्या. मग सासऱ्यांनी ट्रेमधलं पाकीट उचललं, टर्रकन फाडलं, हत्यार काढलं आणि नखावर ओढलं.

मुद्दाम नाही. नजर खिडकीबाहेर होती. आपण बोलता बोलता चष्मा पुसतो, तसं.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

गोष्ट इथे थांबवता येते. सून म्हणू शकते, हे माझे गुरू. म्हणू शकते, माझे सासरे, चूक झाली, सुधारू. दोन्ही वाक्यं तिच्या जिभेवर तयार होती. दोन्ही वाक्यांच्या शेवटी टाळं होतं.

"पेशंट आहेत," ती म्हणाली. "जुने. वय झालंय हो, कशालाही हात लावतात."

लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसं तिनं ते हत्यार काढून घेतलं आणि वापरलेल्यांत टाकलं. सासरे तिच्याकडे बघत राहिले. मग मशीनकडे. मग बाईंच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे. सगळं समजलं त्यांना. माणूस थोडा मंद असता तर किती सोपं झालं असतं.

ते खुर्चीपाशी गेले, आडवे झाले आणि त्यांनी तोंड उघडलं.

"चालू द्या," बाई म्हणाल्या. "मला काम बघायचंच होतं."

तिनं ग्लोव्हज चढवले, नवं पाकीट फोडलं. सासऱ्यांच्या तोंडात तिनं याआधी कधी डोकावलं नव्हतं. खालची एक दाढ अर्धी पोखरलेली. केव्हापासून दुखत असेल? आणि कुणाला दाखवणार होते?

"आजोबा, डॉक्टर नीट समजावून सांगतात का?"

तिनं हात मागे घेतला. उत्तर देता यावं म्हणून.

"सांगतात. काल संध्याकाळीच सांगत होत्या."

"त्रास वगैरे?"

"छे. हात इतका हलका, की लागलेलं नंतर कळतं."

"पहिल्यापासून याच आहेत इथे?"

"आधी एक म्हातारा होता. मनानं वाईट नव्हता, पण गलिच्छ."

तिच्या हातातला आरसा ट्रेवर आपटला.

"गलिच्छ म्हणजे?"

"आता तो पेशंट बघत नाही."

"बरं झालं," बाई म्हणाल्या.

"बरंच झालं." सासऱ्यांनी मान वळवली. "डॉक्टर, तुम्ही सांगा, ही दाढ राहील का हो?"

लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून त्यांनी तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"राहील, आजोबा," सून म्हणाली.

बाईंनी लिहिलं:

समाधानकारक. एकच सूचना. वयस्कर रुग्णांना हत्यारांच्या ट्रेजवळ जाऊ देऊ नये.

नंतर, जेव्हा तपासायला कुणी नव्हतं:

दुसऱ्या दिवशी सासरे नेहमीच्या वेळी आले. कोट घातला नाही. बाहेर पेशंटांमध्ये बसले.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही इथे?" गालाला रुमाल धरलेला एक जण म्हणाला.

"नंबर लावलाय."

"काय थट्टा करता गरिबाची!"

"दाढ किडलीय. हे बघ." आणि त्यांनी तोंड उघडून दाखवलंही.

सून दारात आली. "बाबा, आत चला ना."

"आत कसा येऊ? तिथे ट्रे असतो."

"चुकलं माझं."

"चुकलं कुठे? दवाखाना वाचला. मीही तेच केलं असतं."

ते चिडून बोलले असते तर तिला रडता आलं असतं. पण ते खरंच तसं मानत होते, आणि तरीही उठत नव्हते. लोक बघत होते. रुमालवाला कण्हत होता. तिला काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"पुढचे कोण?" ती म्हणाली.

सासऱ्यांनी रुमालवाल्याला कोपरानं ढोसलं.

"जा तू. मला अजून सहन होतंय."