घंटी झाली, बानूबाई बसली

मित्रांनो, त्या दिवसाला वर्षं लोटली, पण माझ्या अंगात बसलेला धक्का काही केल्या उतरत नाही. मी टेबलावरची घंटी. देवळातली नव्हे हं, आणि शाळेतलीही नव्हे. सभेत वक्त्यांच्या पुढ्यात बसणारी, उपड्या वाटीएवढी, पितळेची, डोक्यावर एक कळ असलेली. कळ दाबली की टण्ण! एवढंच माझं बोलणं. पण तेवढ्या बोलण्यानं झरीच्या सभेत जे घडलं, ते ऐकलंत तर तुम्हीही तोंडात बोट घालाल.

माझा जन्म हैदराबादचा. निजामाच्या राज्यात एका कारागिरानं मला घडवलं आणि मी परभणीच्या एका कचेरीत साहेबाच्या टेबलावर येऊन बसले. साहेबानं कळ दाबली की बाहेरचा चपराशी "जी हुजूर" म्हणत धावत आत यायचा. मला वाटायचं, जग आपल्याच आवाजावर चालतं! पुढे निजामाचं राज्य गेलं, साहेब गेले. मी कितीतरी वर्षं एका फडताळात धूळ खात पडले. मग जुन्या सामानाचा हर्रास निघाला आणि झरीच्या दिनकरराव मास्तरांनी मला उचललं.

दिनकररावांना एकच नाद, सभा! गावात परिसंवाद असो की चर्चासत्र, सूत्रसंचालन त्यांच्याकडे. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांची ओळख करून द्यायची, कुणी किती बोलायचं ते बघायचं, लोकांचे प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचवायचे, हे त्यांचं काम. झरी, जिंतूर, चुडावा, कुठूनही बोलावणं आलं की मास्तर मला झोळीत टाकून निघालेच. त्यांचा नियम साधा होता. घंटी झाली की बोलणाऱ्यानं बसायचं. मग तो कुणी का असेना!

एकदा एक आमदार बोलायला उभे राहिले. पाण्यावर बोलायचं सोडून स्वतःच्या आजोबांवर घसरले. मास्तरांनी कळ दाबली. आमदार थांबेनात. मास्तरांनी पुन्हा दाबली, पुन्हा दाबली, आणि अहो, आमदार चक्क खाली बसले! लोकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "लय खट घंटी हाय बया!" त्या दिवशी मी अशी फुगले होते की विचारू नका. मास्तरांनी घरी जाऊन मला चिंच लावून घासलं.

मग नामांतराचा वाद पेटला. एका विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं, एवढंच मागणं. तेवढ्यावरून माणसं माणसांवर उठली, गरिबांची घरं जळली. काल एका सतरंजीवर बसणारे आज एकमेकांकडे बघेनात. मला तर हे खरंच वाटेना. त्याच दिवसांत जिंतूरला मास्तरांच्या एका सभेत कुणीतरी उडी मारून स्टेजवर आलं, माईक हिसकावला आणि खुर्च्या उडाल्या. मी टेबलावरून खाली आपटले. माझ्या काठाला पोचा पडला तो तिथलाच.

त्यानंतर पोलीस सभेला परवानगी देताना बजावू लागले, "मास्तर, काही झालं तर तुम्हाला धरू." मास्तर धसकले. त्यांनी नियम आणखी आवळला. ज्याचं नाव पत्रिकेत, तोच बोलणार. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे ते अगदी शेवटी, मास्तरांनी बोट केलं तरच. मधेच कुणी उठलं की मी वाजायचे. भांडणं टळली, सभा सुरळीत पार पडू लागल्या. सगळे म्हणायचे, मास्तरांसारखी शिस्त जिल्ह्यात नाही. मलाही ते खरंच वाटायचं.

आता त्या दिवसाचं सांगते. दसरा होऊन गेला होता. कापूस बोंडावर होता आणि त्यावर अळी पडली होती. म्हणून झरीत परिसंवाद ठेवला होता, कापसावरची नवी औषधं आणि घ्यायची काळजी. परभणीहून तीन तज्ज्ञ आले होते. एक शेतीचे, एक फवारणीच्या औषधांचे आणि तिसरे जनावरांचे डॉक्टर दत्तराव. डॉक्टर मोटारसायकलवर आले होते. इंजेक्शनांची त्यांची कातडी पिशवी त्यांनी माझ्याच टेबलाखाली ठेवली. हे लक्षात ठेवा मित्रांनो, पिशवी माझ्या पायाशी होती.

आमच्याकडे तज्ज्ञ आले की आधी सत्कार. हार, शाल, नारळ. बरं, पाहुण्यांचा करून भागत नाही. सरपंचाचा केला की सोसायटीचा चेअरमन रुसतो, त्याचा केला की पोलीस पाटलाचं तोंड वाकडं होतं, म्हणून सगळ्यांचाच. त्या दिवशी तर मांडववाल्यालासुद्धा नारळ मिळाला. पुढच्या रांगेत मोठे बागाईतदार तात्याराव बसले होते. त्यांच्या गळ्यात हार पडत होता, भोंग्यावर मास्तरांचा आवाज घुमत होता, आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक बाई धावत आली.

ती बानूबाई. ती आणि तिचा नवरा मल्हारी गावाबाहेर ओढ्याकाठी मेंढरं राखायचे. तो कळपच त्यांचं शेत आणि तोच त्यांचा वाडा. पोरीचं लग्न ठरलं होतं, तेही त्याच कळपाच्या भरवशावर. बाईला धाप लागली होती, पाय चिखलानं भरले होते. ती थेट स्टेजखाली येऊन उभी राहिली आणि डॉक्टरांकडे हात करून म्हणाली, "सायेब, माजी मेंढरं..."

मास्तर पत्रिकेत बघत होते. पुढचं नाव कुणाचं, ते शोधत होते. त्यांनी मान वर केली नाही. नुसता हात पुढे केला आणि कळ दाबली.

टण्ण!

"प्रश्न शेवटी," मास्तर माईकवर म्हणाले, आणि लगेच पुढच्या हारासाठी नाव पुकारलं. डॉक्टर शेजारच्या तज्ज्ञांशी बोलत होते, त्यांना काही कळलंही नाही.

मला वाटलं, बाई ओरडेल. झिंज्या सोडून स्टेजवर चढेल. छे! बानूबाई बसली. आहे तिथेच, धुळीत. शेजारच्या कडूबाईनं तिला ओढून घोळक्यात घेतलं आणि विचारलं, "काय झालं गं?"

"मेंढरं पडायलीत," बानूबाई पुटपुटली. "तोंडाला फेस यायलाय."

"मग सांग की डाक्टरला!"

"घंटी झाली न्हवं? आमदाराला बसवती ती घंटी. मी कोन?"

अगं बाई! माझं पितळ गार पडलं. मला वाजता येतं, पण स्वतःहून नाही. त्या घटकेला कुणी माझ्यावर बोट ठेवलं असतं, तर मी फुटेपर्यंत वाजले असते. पण मास्तरांचा हात आता हारांच्या ताटात होता.

सत्कार संपले. शेतीचे तज्ज्ञ बोलले. औषधांचे साहेब बोलले. कोणतं औषध किती पाण्यात घालायचं, पंप कसा धुवायचा, सगळं छान समजावून सांगितलं. लोक माना डोलावत होते. बानूबाई मात्र ओढ्याच्या दिशेनं मान वळवून बसली होती. पदराच्या टोकाची तिनं पिळून पिळून दोरी केली होती.

सगळ्यात शेवटी डॉक्टर दत्तराव उठले. ते म्हणाले, "मंडळी, ही नवी औषधं जहर आहेत. फवारलेल्या शेताच्या बांधावर जनावर चारू नका. विषबाधा झाली की तोंडाला फेस येतो, पाय थरथरतात, जनावर आडवं होतं. अशा वेळी धावत आमच्याकडे या. लवकर इंजेक्शन मिळालं तर वाचतं."

बानूबाई ताडकन उठली. तिचे ओठ हलले. "सायेब, माजीबी..."

आणि नेमकी तेव्हाच डॉक्टरांची वेळ संपली. मास्तरांनी कळ दाबली. टण्ण! ती डॉक्टरांसाठी होती हो, त्यांच्यासाठी! डॉक्टरही शिस्तीचे, वाक्य तोडून बसले. आणि खाली बानूबाईही बसली. तिला वाटलं, पुन्हा आपल्यालाच बसवलं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मास्तरांचं बोट आधी पुढच्या रांगेकडे. सटवाजी नावाचे एक गृहस्थ उठले. प्रश्न विचारायचा सोडून त्यांनी आपल्या विहिरीचा इतिहास सुरू केला. तो आटपेपर्यंत कडूबाईचा धीर सुटला. ती उभी राहिली आणि मास्तरांच्या बोटाची वाट न बघता खणखणीत ओरडली, "मास्तर, घंटी ठिवा बाजूला! हिची मेंढरं मरायलीत तिकडं, आन् तुमी हीर काय ऐकायलाव?"

मास्तरांनी पहिल्यांदा मान वर केली. बानूबाई उभी राहिली, तीही चोरट्यासारखी.

"काय होतंय मेंढरांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमी आत्ता सांगितलं तसंच, सायेब."

"कुठे चारली होती?"

"तात्यारावांच्या बांधावर. दरसाल चारताव."

तात्याराव हारासकट उठले. "अगं, कालच फवारलंय मी तिथं! तुला सांगायचं राहूनच गेलं. आल्या आल्या का नाही बोललीस?"

डॉक्टरांनी पिशवी ओढली. "कधीपासून पडलीत?"

"तुमचा सत्कार चालू व्हता तवापसून."

"आणि तू इथे बसून होतीस?" डॉक्टर किंचाळलेच. "इतका वेळ? मी समोर होतो बाई! बोलायचंस ना!"

"उठले व्हते, सायेब," बानूबाई म्हणाली. "दोनदा उठले. दोनदा घंटी झाली."

मित्रांनो, मी आजवर कितीतरी भाषणं ऐकली. पण एवढं लहान आणि एवढं जड बोलणं कधी ऐकलं नाही. मास्तरांनी मला उचलून झोळीत कोंबलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग सगळे पळत सुटले. डॉक्टर पुढे, तात्याराव हार तोडत मागे, आणि मास्तर धोतर सावरत सगळ्यांच्या मागे. झोळीत मी त्यांच्या बरगड्यांवर आपटत होते.

ओढ्याकाठी काय दिसलं, ते सांगताना आजही माझा आवाज बसतो. मेंढरं जिथं होती तिथंच आडवी झाली होती. पांढरी, काळी, कोकरंसुद्धा. मल्हारी एकेका मेंढीचं तोंड मांडीवर घेऊन धोतराच्या सोग्यानं फेस पुसत होता. जी मेलेली होती, तिचंही पुसत होता. डॉक्टरांनी धडाधड इंजेक्शनं दिली. थोडी वाचली, अगदी थोडी. "जरा आधी आलो असतो, तर निम्म्याहून जास्त उठवली असती," डॉक्टर म्हणाले. कुणावर ओरडून म्हणाले नाहीत. स्वतःशीच म्हणाले.

मल्हारीनं मास्तरांकडे बघितलं. मला वाटलं, आता हा काठी उचलणार. उचलली असती तर बरं झालं असतं! तो नुसता म्हणाला, "सभा चालू व्हती म्हनं. हिनं तरी मधी कसं बोलावं?"

आणि मग बानूबाईचा बांध फुटला. एवढा वेळ दाबून धरलेला हंबरडा तिनं फोडला. एकेका मेंढीचं नाव घेऊन ती ऊर बडवून रडू लागली. नावं होती हो त्यांना! लेकीचं नाव घेऊन रडू लागली, आता लग्न कसं व्हायचं म्हणून. मास्तर मटकन खाली बसले, झोळी दगडावर आपटली, माझी कळ दाबली गेली.

टण्ण!

आणि बानूबाई गप्प झाली.

हुंदका अर्ध्यात तुटला. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, मेलेल्या मेंढरांच्या मधोमध खाली बसली आणि मास्तरांकडे बघू लागली. आपलं काय चुकलं, असं विचारल्यासारखी.

मास्तरांनी हात जोडले. "बानूबाई, नाही हो! तुमच्यासाठी नव्हती ती. रडा तुम्ही. बोला, मला वाट्टेल ते बोला!"

"व्हय, मास्तर," ती म्हणाली. पण त्यानंतर तिच्या तोंडून आवाज आला नाही.

मास्तरांनी मला पुन्हा टेबलावर ठेवलं नाही. मी त्यांच्या घरी भिंतीतल्या देवळीत असते. ते पुढेही सभा घेत राहिले. आता आधी खाली उतरून बायकांच्या घोळक्यात जातात, कुणाचं काही अडलंय का ते विचारतात, मगच हारांचं ताट पुढे घेतात. कडूबाई येते, भांडून प्रश्न विचारते. तात्यारावांनी बानूबाईच्या लेकीच्या लग्नाचं सगळं केलं. बानूबाई मात्र त्यानंतर कुठल्याच सभेला आली नाही.

मित्रांनो, मला चिंच लावून घासू नका. माझा पोचाही ठोकून काढू नका. उद्या तुमच्यातलं कुणी वर्गाचं मॉनिटर होईल, कुणी सभेचं अध्यक्ष होईल, आणि हाताशी माझ्यासारखी एखादी घंटी येईल. ती वाजवायला फार सोपी असते. आमदार दोन दिवसांत विसरतो, पुन्हा उठतो, पुन्हा बोलतो. एखादं माणूस मात्र एकदा बसलं की जन्मभर बसून राहतं. म्हणून कळेवर बोट ठेवण्याआधी एवढंच करा. मान वर करा आणि बघा, समोर उभं कोण आहे.