गफ्फारचाचांच्या फळीवरची मोटार

मी एक जुनी, नाक चेपलेली पत्र्याची मोटार आहे, मित्रांनो. बोलायचाही आता कंटाळा येतो, पण सांगते.

१९५८ साली अकोटच्या अब्दुल गफ्फार टिनवाल्यांनी मला रॉकेलच्या डब्यातून कापून काढलं. मला बनवायला सांगणारा होता देवमन ड्रायव्हर. त्या उन्हाळ्यात भरदुपारी त्याच्या खऱ्या मोटारीखाली गाडीवान नत्थुजींचा बैल मेला. नत्थुजी बैलगाडीत झोपले होते. वऱ्हाडात गाडीवान झोपला तरी बैल घर गाठतात, पण चालतात रस्त्याच्या मधोमध. वळणावर ब्रेक पुरला नाही. तेव्हापासून नत्थुजी देवमनशी बोलत नव्हते, आणि देवमनला जेवण गोड लागत नव्हतं. दुसऱ्या कुणाचा बैल असा जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

चाचांनी फळीवर रस्ता रंगवला, त्यात मधे आणि डावीकडे लांब फटी पाडल्या, खाली शिलाई मशीनचा पट्टा बसवला, बाजूला दांडा. आठवडी बाजारात लोकांना दाखवायला देवमननं दांडा फिरवला की मी आणि लाकडी बैलगाडी पळायचो. पहिल्याच बाजाराला फजिती झाली. आम्ही दोघी एकाच पट्ट्याला बांधलेल्या, मग मी तिला गाठणार कशी? मागून नत्थुजी म्हणाले, "चाचा, मोटारीसंग बैल धावते काय?" सगळे हसले. देवमन मान खाली घालून उभा राहिला.

मग गाडीला वेगळा, संथ पट्टा लावला आणि माझे हाल सुरू झाले. गाडी मधल्या फटीत ठेवली की मी तिच्यावर आदळायचे, डाव्या फटीत ठेवली की बाजूनं निघून जायचे. लोकांना आदळणंच आवडे. दर बाजाराला ठोकरा, संध्याकाळी चाचांची हातोडी. सात वर्षं. थकून गेले हो मी. देवमनही थकला. नत्थुजी मागं उभे राहून बघत आणि निघून जात.

एका बाजाराला ते पुढं आले.

"काहून ठोकून रायला इले दर बाजाराले? सरक."

त्यांनी स्वतः दांडा फिरवला. गाडी मधोमधच होती. मी तिच्यापासून बोटभर अंतरावर असताना त्यांनी दांडा थांबवला. नत्थुजींनी गाडी उचलून डाव्या फटीत ठेवली.

"मी झोपून रायलो होतो, देवमन."

"अन् मी जोरात होतो, नत्थुजी."

दोघं चहा प्यायला गेले. नंतर मला कुणी बाहेर काढलं नाही. माळ्यावर गंजते आहे.

मित्रांनो, माझं नाक सरळ करू नका. फक्त डाव्या बाजूनं, डोळे उघडे ठेवून जा. तुमच्या वाट्याच्या ठोकरा मी खाऊन घेतल्या आहेत.