लमाईचं नाक आणि मी, तिचा खल

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. समुद्रकाठच्या आंग सिला गावात एका पाथरवटाने टाकीचे घाव घालून मला घडवलं. लमाईचं लग्न झालं त्या वर्षी तिच्या सासूने मला फेचबुरी गावी आपल्या घरी आणलं आणि नव्या सुनेच्या हाती बत्ता दिला. तेव्हापासून मी लमाईचा झालो.

पुढे लमाईने विहारामागे तीन बाकांची खानावळ काढली. नवरा मासेमारीच्या बोटीवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. ती पहाटे बाजारात जायची आणि जे ताजं नि स्वस्त मिळेल त्यावर त्या दिवशीचं जेवण ठरवायची. मिरच्या, छोटे कांदे, लसूण आणि कापी, म्हणजे जवळा आंबवून केलेला गोळा, हे सगळं माझ्या पोटात पडायचं. वाटण झालं की ती वाकून त्याचा वास घ्यायची, क्षणभर थांबायची आणि मगच चमचा लावायची. दमलेले हमाल, विहारात झाडलोट करणाऱ्या बाया, वंतनी बाई नावाच्या निवृत्त शिक्षिका, सगळे म्हणायचे, "इतक्या थोड्या पैशांत असा रस्सा दुसरीकडे नाही." ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

मग लमाईला ताप आला. आठ दिवसांनी ती उठली, पण वाकून वास घेतला की तिचा चेहरा कोराच राही. ती पुन्हा वाकायची, डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायची. एकदा तिने अख्खा कापीचा गोळा नाकाशी धरला आणि हळूच खाली ठेवला. त्या दिवशी मला समजलं, मित्रांनो. लमाईला वास येईनासा झाला होता.

तिने हे कुणालाच सांगितलं नाही. ती अंदाजाने मीठ टाकू लागली. ताटांत भात उरू लागला. हमाल दुसऱ्या गल्लीत जेवू लागले. शेजारी राहणारी तिची नणंद प्रानोम ताडगूळ विकायची. तिची जीभ मिरचीसारखी. ती बाजारभर सांगत सुटली, "आमच्या वहिनीचा हात बिघडलाय. चार लोकांनी नावाजलं की असंच होतं."

लमाई ऐकून घ्यायची. रोज सकाळी तिने बत्ता उचलला की माझ्या मनात धाकधूक व्हायची, आज काय होणार?

असे तीन महिने गेले. एके दिवशी बाजारात नेहमीची कोळीण नव्हती. लमाईने एका अनोळखी माणसाकडून मरळ मासा घेतला. स्वस्त होता. आंबट रश्श्याच्या वाटणात उकडलेल्या माशाचे दोन-चार तुकडेही कांडतात, म्हणजे रस्सा दाट होतो. लमाईने ते तुकडे माझ्यात टाकले आणि मी हादरलो. मासा नासलेला होता.

ती कांडत होती. नासकं मांस माझ्या अंगाला फासलं जात होतं आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. वंतनी बाई नुकत्याच आजारातून उठल्या होत्या. अकरा वाजता त्या पहिल्या बाकावर बसणार होत्या. लमाईने वाटण पातेल्यात सोडलं, चिंचेचा कोळ घातला. रस्सा उकळू लागला.

तेवढ्यात प्रानोम लिंबं मागायला आली आणि दारातच थबकली.

"लमाई, हा कसला घाण वास?"

"कसला? कापीचा असेल, वन्सं."

"चाळीस वर्षं कापी खातेय मी. मला शिकवू नकोस." तिने पातेल्यावर नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं. "अगं, मासा नासलाय. तुला कळलं कसं नाही?"

लमाई खाली बसली. "तापापासून वासच येत नाही मला. चवही नाही. खारट-तिखट तेवढं कळतं, तेही पुसट."

"तीन महिने?"

"हो. नाक गेलेल्या बाईच्या हातचं कोण खाईल, वन्सं?"

प्रानोम म्हणाली, "आणि मी गावभर तुझी निंदा करत फिरले." तिने पातेलं उचललं, केळीखाली खड्डा करून रस्सा पुरला. "दहा वाजलेत. टोपली घे. नाक माझं, हात तुझे. पण मला स्वयंपाक येत नाही हे लक्षात ठेव."

"ते सगळ्यांना माहीत आहे," लमाई म्हणाली. डोळे पुसताना तिला जरासं हसू आलं.

आधी त्या दोघींनी मला मीठ-तांदूळ घालून तीनदा घासलं. बाजार उठत आला होता. कच्ची पपई, चवळीच्या शेंगा, अंडी, चा-ओम नावाच्या काटेरी झाडाचा कोवळा पाला आणि मूठभर सुका जवळा घेऊन त्या परतल्या. प्रत्येक जिन्नस प्रानोमने हुंगला होता. माशाऐवजी जवळा कांडला. पाल्याचं ऑम्लेट करून त्याचे चौकोन रश्श्यात सोडले.

"मीठ?" लमाईने विचारलं.

"अर्धी चिमूट. थांब. हां, आता बास."

माझा जीव टांगणीलाच होता. त्या कुजक्या माशाचा अंश माझ्या छिद्रांत राहिला असला तर?

वंतनी बाईंनी पहिला घास घेतला, मग दुसरा. मग भात पुन्हा मागितला. तेव्हा लमाई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. पुरलेल्या रश्श्यासकट.

बाई हळूच म्हणाल्या, "रस्सा खारट होतोय हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. चुकलंच माझं."

ती बातमी पसरली तशी काही माणसं यायची थांबली, ती आजतागायत आली नाहीत. बाकीची येतात. लमाईचं नाक पुरतं परतलेलं नाही. प्रानोम रोज दहाला येते, वाकते, हुंगते. तिला सर्दी झाली की मला पुन्हा काळजी लागते.

मित्रांनो, आता माझ्या काठाचा टवका उडालाय. मला धुवून उन्हात वाळवा, मी अजून पुष्कळ वर्षं टिकेन. पण मी दगड आहे, मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्यासाठी रांधणाऱ्या माणसाच्या हातची चव एखाद्या दिवशी बदलली, तर ताट सारून उठू नका आणि गप्पही राहू नका. जवळ जाऊन विचारा, "तुला बरं आहे ना?"