हंगामातलं पहिलं हरीण

रक्ताच्या आजारावर उपाय म्हणून धाकट्या भावाच्या मूळपेशी अंगात घेऊन घरी परतलेल्या आर्लीनला ताप चढला. अमेरिकेत, मिनेसोटातल्या इस्पितळात परत नेल्यावर तपासण्यांवर तपासण्या झाल्या, पण जंतू काही सापडेना. शेवटी डॉक्टर हॉकनसन बाईंनी तिचं रक्त जनुकवाचनाला पाठवलं. रक्तात कुणाकुणाच्या जनुकांचे तुकडे तरंगताहेत, ते यंत्र वाचून काढतं.

अहवाल घेऊन बाई आल्या. "कच्च्या मांसातला परजीवी निघालाय. काय खाल्लंत?"

मूळपेशी देणारा भाऊ ड्वेन टोपी चुरगाळत म्हणाला, "शिकारीच्या हंगामातलं पहिलं हरीण होतं, मीच मारलेलं. आमच्या घरी पहिला तुकडा आजाऱ्याला देतात. आणि जास्त भाजलेलं बाबांना खपायचं नाही, म्हणून मीही अर्धकच्चंच ठेवलं."

"नव्या मूळपेशी घेतलेल्याच्या तो जिवावर बेततो. बरं झालं, नाव कळलं. आता गोळ्यांनी हटेल," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

ड्वेनने मान खाली घातली. "जीव दिला मीच आणि घ्यायला निघालो तोही मीच."

"रडू नकोस, गाढवा." डोळे मात्र आर्लीनचेच भरले होते. "पुढच्या वर्षीही पहिला तुकडा मलाच आण. फक्त कोळसा होईस्तोवर भाज."