भोंग्याचं राज्य

त्या दिवशी थंडी अशी होती की एका कावळ्याने काव म्हणायला चोच उघडली आणि मिटायची त्याला हिंमतच झाली नाही. दुपारपर्यंत तारेवर तसाच आ वासून बसला होता. ज्याला खोटं वाटेल त्याने ताईला विचारावं, तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. पण विचारायचं तर ताई जागी सापडायला हवी ना.

ताई बेकरीत कामाला होती. सगळी गल्ली गाढ झोपेत असायची तेव्हा ती भट्टीसमोर उभी असायची, आणि लोक तोंड धुवायला लागले की पिठाने पांढरे झालेले केस घेऊन घरी यायची. त्या सकाळी घराची पायरी चढताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, रजई.

दारातच आई उभी. शिवणकामाच्या कारखान्यात निघालेली, पायात चपला, खांद्याला पिशवी. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"आत जाऊ नकोस. बाबा आत्ताच आडवे झालेत. भोंग्याला घे आणि मैदानात जा. दुपार उलटेपर्यंत इकडे फिरकू नका."

"आई, मी उभ्या उभ्या पडेन गं."

"पड. पण बाहेर पड."

आईचं चुकत नव्हतं. बाबा रात्रीची बस चालवायचे. मागच्या आठवड्यात स्टिअरिंगवर त्यांचा डोळा लागला आणि बस अगदी सभ्यपणे फुटपाथवर चढून दिव्याच्या खांबाला डोकं टेकून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण साहेबांनी सांगून टाकलं होतं, पुन्हा असं झालं तर किल्ली ठेवायची आणि घरी जायचं. आज रात्री बाबांची पुन्हा ड्युटी होती. म्हणजे आज दिवसा झोप व्हायलाच हवी होती. आणि घर म्हणाल तर एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि त्यात भोंगा.

भोंगा म्हणजे ताईची धाकटी बहीण. शाळेच्या कागदावर नाव चांगलं गोड होतं. पण जन्मल्यावर तिने पहिला टाहो फोडला तेव्हा रस्त्यापलीकडच्या गिरणीतले कामगार पाळी सुटली समजून डबे उचलून घरी निघाले. तेव्हापासून भोंगा. ती कुजबुजली तरी शेजारची म्हातारी "काय झालं?" म्हणून खिडकीत यायची, आणि म्हातारी ठार बहिरी होती.

ताईने दार लोटून घेतलं. ते दार नुसतं ढकललं तर बोंबलायचं. जरा वर उचलून धरलं की गप्प. हे घरातल्या सगळ्यांना माहीत.

मैदान घरामागेच होतं. गवतावर दव गोठल्यासारखं पांढरं, एका बाजूला सिमेंटचे मोठे पाइप पडलेले, दुसऱ्या बाजूला चुना मारलेली पाण्याची टाकी. दोघींच्या तोंडातून वाफ निघत होती.

"काय खेळायचं?" भोंग्याने विचारलं. लाल मफलरात तिचं नुसतं नाक दिसत होतं, आणि ते गळत होतं.

"झोपायचा खेळ खेळू. जी आधी उठेल तिच्यावर राज्य."

"ताई, तू मला लहान समजतेस का?"

"छे. मीच म्हातारी झालेय."

"लपंडाव. आणि मी आज कच्चं लिंबू नाही."

हे तिचं जुनं दुखणं. गल्लीतली पोरं तिला खेळायला घ्यायची, पण कच्चं लिंबू म्हणून. सापडली तरी राज्य नाही, हरली तरी बाद नाही. नुसतं इकडून तिकडे पळायचं आणि खेळल्यासारखं वाटून घ्यायचं. त्याचा तिला भयंकर अपमान वाटायचा.

"बरं, पक्की," ताई म्हणाली. मग तिला जरा लबाडी सुचली. "पण पक्क्या खेळाडूने सापडेपर्यंत हूं का चूं करायचं नाही. शिंक आली तरी गिळायची."

"खोकला?"

"तोही."

भोंग्याने गंभीरपणे मान हलवली.

पहिल्यांदा भोंग्यावर राज्य आलं. ताई पाइपात शिरली आणि पाठ टेकते न टेकते तोच तिला पाइप रजईसारखा मऊ वाटायला लागला. "सापडलीस. घोरत होतीस," भोंगा पाइपात डोकं घालून म्हणाली, आणि पाइपाच्या दुसऱ्या तोंडातून तीन चिमण्या उडाल्या. मग ताईवर राज्य. भोंगा पाइपामागे लपली, पण मफलरची गोंड्याची शेंडी बाहेर. पुन्हा भोंग्यावर, पुन्हा ताईवर. पळून पळून ताईच्या पायांचा भुगा झाला होता. पहाटेपासून पिठाचे गोळे उचललेले खांदे आता स्वतःच पिठाचे झाले होते.

"नीट डोळे मिट," भोंग्याने बजावलं. "बोटांतून बघायचं नाही."

बोटांतून बघायला डोळे उघडावे लागतात. ताईने टाकीच्या भिंतीला कपाळ टेकलं. ऊन खाऊन भिंत कोमट झाली होती. तिने आकडे म्हणायला सुरुवात केली, आणि आकड्यांचे हळूहळू पाव झाले, पावांचे ट्रे झाले, ट्रे एकामागोमाग एक भट्टीत जायला लागले. घोडा कसा उभ्याने झोपतो, तशी ताई झोपली. एक गाय आली, तिची ओढणी हुंगली, काही खाण्यासारखं नाही म्हणून निघून गेली.

जाग आली तेव्हा सावली टाकीच्या या बाजूची त्या बाजूला गेली होती.

मैदानात कुणी नव्हतं.

"भोंग्या," ताईने हलकेच हाक मारली. मोठ्याने ओरडायची सोय नव्हती, घर अगदी हाकेच्या अंतरावर. तिने पाइप पाहिले, टाकीमागे पाहिलं, विटांच्या ढिगाला वळसा घातला. मफलर नाही, शेंडी नाही. ती इतकी दमली होती की भीतीसुद्धा दमून, हळूहळू चालत आली. पण आली ती थेट छातीत बसली. आणि तिच्या मागोमाग दुसरा विचार आला, पोर कंटाळून घरी गेली असणार. बाबांच्या कानाशी जाऊन ओरडली असणार, बाबा, ताई झोपली.

ताई पळाली. कुठल्या पायांनी पळाली, तिचं तिला माहीत.

तिने दार उचलून उघडलं. आत अंधार, आणि बाबांचं घोरणं. बाबा घोरायचे तेव्हा मांडणीतल्या वाट्या सरकून एकमेकींना खेटून बसायच्या. आत्ताही बसल्या होत्या. म्हणजे झोप मोडली नव्हती. ताईचा जीव अर्धा खाली आला आणि अर्धा तिथेच अडकला, कारण भोंगा काही घरात दिसत नव्हती.

ती मागे वळणार, तोच खाटेवरून लोंबणाऱ्या चादरीखाली तिला लाल गोंडा दिसला.

ताई गुडघ्यांवर बसली. खाटेखाली भोंगा पालथी पडली होती. मफलर तोंडात कोंबलेला, डोळ्यांत पाणी, नाकाचं तर विचारूच नका. इतका वेळ ती तिथे होती, आणि शेजारच्या म्हातारीने एकदाही खिडकी उघडली नव्हती.

"इथे कशाला मेलीस?" ताई कुजबुजली. चिडायचं होतं तिला, पण चिडायलाही ताकद लागते.

भोंग्याने मफलर काढला. "आई म्हणाली ना, इकडे फिरकू नका. मग तू इथे शोधणारच नव्हतीस." जन्मात पहिल्यांदा ती खरोखर कुजबुजत होती. "दोनदा शिंक आली. दोन्ही गिळल्या. तिसरी अजून नाकात आहे."

मग तिने गार हात बाहेर काढला आणि ताईच्या पाठीवर अलगद टेकवला. "धप्पा. परत तुझ्यावर राज्य."

ताईने जमिनीवर गाल टेकला. "माझ्याच्याने नाही होत गं आता."

भोंग्याने तिच्याकडे नीट पाहिलं. केसांत पीठ, कपाळाला चुना, डोळे अर्धे मिटलेले. तिने बराच विचार केला.

"बरं," ती म्हणाली. "मग तू कच्चं लिंबू. तुझ्यावर राज्य नाही." आणि भिंतीकडे सरकून तिने जागा करून दिली.

दिवस कलल्यावर बाबांना आपोआप जाग आली. अंग कसं पिसासारखं हलकं. चपला शोधायला त्यांनी पाय खाली सोडले तर तळव्याला केस लागले. त्यांनी वाकून पाहिलं. थोरली मेल्यासारखी झोपलेली, धाकटी टक्क जागी.

"काय चाललंय इथे?"

"श्श," भोंग्याने मफलर जरासा बाजूला केला. "कच्चं लिंबू झोपलंय."

बाबांनी गणवेश काखेत मारला, चपला हातात घेतल्या, दार वर उचलून उघडलं आणि पायरीवर कुडकुडत कपडे घातले. त्यांची पावलं गल्लीच्या टोकाशी पोहोचली तेव्हा कुठे भोंग्याने तिसरी शिंक सोडली.

मांडणीतल्या वाट्या जिथल्या तिथे परत गेल्या. ताईने मात्र कूससुद्धा बदलली नाही.