रावजींना सांगितलेला आकडा

“ताई, आकडा किती हे?” रावजींनी ऑफिसच्या दारातून विचारलं.

“शून्य,” उज्वला म्हणाली. ते कॉम्प्रेसरच्या खोलीकडे निघाले.

पिंपळगावजवळच्या या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची सगळी थंडी अमोनिया या विषारी गॅसवर चालायची. करोनापासून रावजींचं नाक गेलं होतं, कसलाच वास येत नसे. आत गॅस किती, ते सेन्सर मोजायचा आणि आकडा उज्वलाच्या लिनक्स कॉम्प्युटरवर यायचा. तो विचारल्याशिवाय हा माणूस खोलीत पाऊल टाकत नसे.

चहाचा कप उचलताना तिची नजर आकड्याखालच्या तारखेवर गेली. तारीख परवाची होती, खंडेनवमीची. नवा आकडा आला नाही, तर तो मुलखाचा शहाणा प्रोग्राम मुकाट्याने शून्यच दाखवायचा.

सेन्सरच्या केबलचा दिवा तर हिरवा होता. तिने कमांड दिली. नेटवर्क कार्ड दिसलं, पण भलत्याच नावाने. खंडेनवमीला पूजेआधी तिनेच कॉम्प्युटर उघडून कार्ड पुसलं होतं, आणि गडबडीत शेजारच्या खाचेत बसवलं होतं. खाच बदलली, म्हणून लिनक्सने त्याला नवं नाव दिलं. सेटिंगमध्ये मात्र जुनंच राहिलं. हळदकुंकू लावून तिने मनोभावे हात जोडले होते.

खरं तर तेव्हाच उठून धावायला हवं होतं. पण दोन मिनिटांचं काम, उगाच आरडाओरडा करून हसं कशाला करून घ्यायचं, असं तिला वाटलं. तिने नाव बदललं, नेटवर्क पुन्हा सुरू केलं.

आकडा आला. चार हजार; तीनशेच्या वर गेला तरी जिवाला धोका. त्याच क्षणी भोंगा वाजू लागला.

हमालांनी तोंडाला ओले पंचे बांधून रावजींना बाहेर आणलं, तोवर सगळं संपलं होतं.

स्टोरेजचे मालक रविराजशेठने तिला बाजूला घेतलं. “पोलीस विचारतील. न विचारता आत गेला म्हणून सांगू. तुम्ही गप्प राहा.”

रावजींची बायको, भागीबाई, उशाशी बसली होती. उज्वला शेठला तिथेच सोडून तिच्यापाशी जाऊन बसली.

“मावशी, त्यांनी विचारलं होतं. मी शून्य सांगितलं.”

भागीबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. “विचारल्याबिगर नाय जायचे ते,” ती म्हणाली, आणि ओल्या पदराने नवऱ्याचे डोळे पुसत राहिली.